चौथा बसल्याशिवाय थाळ निघणार नाही

मृत्युपत्र

लिहून ठेवणार : जाफर इब्राहिम सरखोत, वय त्रेसष्ट, काम हॉटेलचा मॅनेजर आणि मुख्य स्वयंपाकी, मूळ राहणार आगरवाडी, तालुका म्हसळा, जिल्हा रायगड, हल्ली मुक्काम अल मलाझ, रियाध, सौदी अरेबिया.

अल्लाहचं नाव घेऊन लिहितो की माझं डोकं ठिकाणावर आहे. छातीचं तसं सांगता येत नाही. आतल्या नळ्या तुंबल्या आहेत आणि पुढच्या आठवड्यात ऑपरेशन ठरलं आहे. डॉक्टर म्हणाले, काळजीचं काही कारण नाही, आणि लगेच माझ्याकडून हव्या तितक्या कागदांवर सह्या घेतल्या. तेव्हा मी म्हटलं, एक कागद माझ्याही मर्जीचा होऊन जाऊ दे. तर हे मृत्युपत्र मी स्वतःच्या हातानं, शाळेत शिकलो त्या मराठीत, कुणाच्याही दबावाखाली न येता लिहितो आहे. दबाव आणायचा आहे तो मलाच, एका माणसावर. त्याचं पुढं येईल.

कलम पहिले : जे माझं नाही ते.
अल मलाझच्या मागच्या गल्लीतलं 'खाडी' नावाचं हॉटेल मी चालवतो, पण ते माझं नाही. जागा, परवाना, दारावरची पाटी, सगळं आमचे कफील, म्हणजे इथले जामीनदार मालक, अबू सालेह यांचं आहे आणि मी त्यांचा पगारी माणूस आहे. गावाकडं लोक 'जाफरचं हॉटेल' म्हणतात, म्हणोत बापडे. माझ्या मागं माझ्या वारसांनी त्यावर हक्क सांगून मला कबरीत लाज आणू नये. अबू सालेह माणूस चांगला आहे. कोरोनाच्या साली माझा पगार अर्धा करायची वेळ आली तेव्हा स्वतः किचनमध्ये आले, स्टुलावर बसले, खाली बघून सांगितलं. फोनवरून सांगू शकले असते. ते मी विसरलेलो नाही.
हॉटेलातली दोन मोठी पातेली, झारे आणि तांब्याचे थाळ मात्र माझे आहेत. ते मी बोटीनं गावाहून आणले. थाळांचं कलम वेगळं आहे.

कलम दुसरे : घर.
आगरवाडीचं कौलारू घर आणि मागची नारळाची वाडी मी हयातीतच माझी बायको जुबेदा हिला हिबा म्हणजे बक्षीस करून दिली आहे. ती तिचीच आहे. तल्हा आणि इफरा या माझ्या मुलांनी त्यात नाक खुपसू नये. तिनं घर विकून सोन्याची बिस्किटं घेतली तरी तिची मर्जी.
आता इथं एक गोष्ट लिहितो, ती कायद्याची नाही. जुबेदा माझ्यासोबत रियाधमध्ये राहायची. मुलं इथल्या भारतीय शाळेत शिकली, म्हणून तर मी मराठीत विचारतो आणि ती हिंदीत उत्तर देतात. हॉटेलचा हॉल बंद झाला, पगार अर्ध्यावर आला, कुटुंबाच्या इकाम्याची, म्हणजे इथं राहायच्या परवान्याची, फी भरणं काही झेपेना. त्या उन्हाळ्यात माणसं परत न्यायला विमानं सुटली त्यातल्या एकात जुबेदा आणि इफरा बसल्या. "दोन महिन्यांचीच गोष्ट आहे," मी म्हणालो. ती म्हणाली, "तुम्ही जेवणाकडं बघा." एवढंच म्हणाली. तेव्हापासून रोज संध्याकाळी ती तिकडं ताट वाढून घेते, मी इकडं, आणि मध्ये फोन टेकवून ठेवतो. माझी भाकरी कच्ची राहिली तर तिला तिथून दिसते. जुबेदा, तू कधी विचारलं नाहीस की परत कधी बोलावताय. विचारायला हवं होतंस गं. तू भांडली असतीस तर मी कुठून तरी जमवलं असतं.

कलम तिसरे : बाकीची शिल्लक.
माझ्या चुलतभावाची मुलगी सादिया माणगावला वकील आहे. तिला फोनवर विचारून हे कलम लिहितो. आमच्या शरियतप्रमाणं वारसांचे हिस्से आधीच ठरलेले आहेत. बायको, मुलगा, मुलगी यांना जे मिळायचं ते मिळेल, त्यात मी कमीजास्त करू शकत नाही आणि करायचंही नाही. माझ्या मर्जीचा फक्त तिसरा हिस्सा, आणि तोही वारस नसलेल्या माणसालाच देता येतो. त्या तिसऱ्या हिश्श्याचं मी ठरवलं आहे. ते समजायला आधी थाळाचं समजलं पाहिजे.

कलम चौथे : थाळ.
आमच्या किनाऱ्यावर मुसलमानांच्या घरी लग्नकार्याला वेगवेगळी ताटं मांडत नाहीत. दस्तरखान अंथरतात, मधोमध परातीएवढा मोठा थाळ येतो, भोवती चौघं बसतात आणि आपापल्या बाजूनं जेवतात. मी 'खाडी' सुरू केलं तेव्हा शुक्रवारी दुपारी तसाच थाळ सुरू केला. भाताचा डोंगर, वर इथं कनअद म्हणतात त्या सुरमईचं कालवण, डोक्यासकट. आणि नियम एकच : चौथा बसल्याशिवाय थाळ निघणार नाही.
लोक चिडायचे. "अरे भाई, भूक लगी है, दे दो ना!" दोघं आले तर दोघांनी थांबायचं. एकटा आला तर त्यानंही थांबायचं. मग दारातून अजून एक येणार, मी त्याला हाताला धरून त्यांच्यात बसवणार. कॅम्पमध्ये राहणारे प्लंबर, वेल्डर, सुतार, आठवडाभर कुणाशी धड न बोललेले. एका थाळात हात घातला की माणूस गावाचं नाव विचारतोच. संगमेश्वरच्या माणसाला इथं गुहागरचा माणूस भेटला आणि पुढं व्याही झाले, अशीही एक जोडी आहे. हॉटेल त्यावर चालायचं. मसाला तर गल्लीत सगळ्यांकडंच होता.
आमचा स्वतःचा थाळ ठरलेला होता. गर्दी सरली की मी बसायचो. माझ्यासमोर दौलत. उजवीकडं झयान, याचं शेजारी मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे, मूळचा रत्नागिरीचा. डावीकडं नीलेश.
दौलत चिपळूणकडचा, एसीच्या पत्र्याच्या नळ्या बनवणारा कारागीर. तांब्याच्या भांड्याला कल्हई लागते, नाहीतर आंबट कालवण विषारी होतं, आणि रियाधमध्ये कल्हईवाला कुठून आणणार? तर दौलतनं ते काम अंगावर घेतलं. वर्षातून दोनदा माझे थाळ वर्कशॉपवर न्यायचा, तापवायचा, नवसागर टाकून कथील फिरवायचा आणि आरशासारखे करून आणायचा. पैसे विचारले की म्हणायचा, "जाफरभाई, आता शिवी देईन हां."
नीलेश त्याच्याच गावचा, प्लंबिंगचा फोरमन. तोंडाचा फटकळ, हाताचा हळुवार. दौलत श्रावण पाळायचा. त्या महिन्यात थाळाची दौलतकडची बाजू वरणाची. माशाचा रस्सा तिकडं जाऊ नये म्हणून नीलेश बोटांनी भाताचा बांध घालायचा. असा चिरेबंदी बांध मी आयुष्यात बघितला नाही. स्वतः मासे खायचा आणि एका हातानं बांध सावरायचा. "दौलत्या, तुझा स्वर्ग मी सांभाळतोय, मला तिकडं जागा ठेव," म्हणायचा.
हे थाळ मी कुणालाही देत नाही. ते हॉटेलात राहतील, जोवर कुणी त्यातून जेवेल तोवर. जेवणारं कुणी उरलं नाही तर जुबेदाकडं पाठवावेत.

कलम पाचवे : थाळ का बंद पडला.
हे पुढच्या पिढीला कळावं म्हणून लिहितो, कारण आत्ताच लोकांना ती गोष्ट ऐकीव वाटायला लागली आहे.
२०२० च्या मार्चमध्ये हुकूम आला : हॉटेलात कुणाला बसवायचं नाही, फक्त पार्सल. मग उन्हाळ्यात बसायची परवानगी मिळाली, पण माणसामाणसांत अंतर. जमिनीवर पिवळी पावलं चिकटवली. टेबलांवर फुल्या मारल्या. दारात ताप बघायचं यंत्र, मोबाइलवर हिरवा रंग दाखवल्याशिवाय आत यायचं नाही. पुढच्या हिवाळ्यात पुन्हा एकदा हॉल बंद. नियम चुकीचे होते असं मी म्हणत नाही. माणसं मरत होती. पण थाळाभोवतीच्या चौघांत दीड मीटर अंतर कसं ठेवणार? थाळच मुळी हातभर रुंद.
मग चौघांचे चार डबे झाले. डबा, झाकण, चमचा, पिशवी, पोचवणाऱ्या ॲपचं कमिशन, सगळं चार वेळा. थाळात एक जण जास्त खायचा, एक कमी, हिशेब आपोआप जुळायचा. डब्यात प्रत्येकाला सारखाच तुकडा हवा. आणि सुरमईचं डोकं? ते कुणाच्या डब्यात घालणार? थाळातला मानाचा भाग, तो आम्ही कर्मचारीच खाऊन कंटाळलो. माझे दोन आचारी घरी गेले. एक परत आला, दुसऱ्यानं तिकडंच रिक्षा घेतली. समोरच्या येमेनी भावाचं मंदीचं, म्हणजे त्यांच्याकडच्या मटण-भाताचं, हॉटेल, तिथंही एका ताटात पाच जण जेवायचे, ते सगळ्यांत आधी बंद झालं. कोपऱ्यावरचा चहावाला गेला. पलीकडच्या लग्नाच्या हॉलच्या माळा वर्षभर तशाच लटकत होत्या, एकही दिवा न पेटता. संध्याकाळी गल्लीत उभं राहिलं की फक्त पार्सलवाल्यांच्या मोटारसायकली. यल्ला यल्ला करत यायच्या आणि जायच्या.
नियम उठले तेव्हा मी सगळे थाळ घासून मांडून बसलो. लोक आले. पण सगळे म्हणाले, "जाफरभाई, डबाच द्या." खोलीवर जाऊन, मोबाइल समोर ठेवून, एकट्यानं जेवायची सवय लागली होती. दोन वर्षांत लागते हो सवय. मी कुणाला बोलणार? मी स्वतः तसाच जेवतो.

कलम सहावे : नीलेश.
नीलेश या साथीत गेला. बंदीच्या आधीच्या शेवटच्या शुक्रवारी आम्ही चौघं बसलो होतो. दौलतला खोकला होता. तो म्हणाला, "मी आज बाजूला बसतो, घसा खवखवतोय." नीलेशनं त्याची बाही धरून खाली ओढलं. "चौथा बसल्याशिवाय थाळ निघत नाही रे. बस गपचूप." दौलत बसला.
महिनाभरानं नीलेश कॅम्पमध्ये आजारी पडला. त्याच्या खोलीतले सगळेच पडले होते. दवाखान्यात नेलं, आम्हाला भेटू दिलं नाही, आणि एका सकाळी झयानच्या मोबाइलवर फोन आला. विमानं बंद होती, त्याला गावी नेता आलं नाही. त्याची बायको स्वप्नाली आणि लहान मुलगी अमिता यांनी त्याचं शेवटचं सगळं फोनवर बघितलं.
माझ्या शिल्लकीचा जो तिसरा हिस्सा माझ्या मर्जीचा आहे तो संपूर्ण मी कुमारी अमिता नीलेश घाणेकर, राहणार चिपळूण, हिला देतो. अमिता आता बारावीत आहे. तिनं जे शिकायचं ते शिकावं. स्वप्नालीवहिनींना हात जोडून सांगतो, हे पैसे लग्नाच्या मांडवात घालू नका. नीलेशला पोरीच्या अक्षराचा फार अभिमान होता. तिची शाळेतली चित्रं तो थाळाशेजारी उघडायचा आणि वर रश्श्याचे डाग पाडायचा.

कलम सातवे : माझा मुलगा तल्हा.
तल्हा माझ्यासोबत हॉटेलात काम करतो आणि अबू सालेहनी त्यालाच पुढं मॅनेजर करायचं ठरवलं आहे. पोरगा हुशार आहे. पार्सलचा धंदा त्यानं उभा केला, नाहीतर 'खाडी'ही येमेनी भावाच्या मागोमाग गेली असती. हे मी त्याच्या तोंडावर कधी म्हणालो नाही, म्हणून इथं शाईनं लिहितो. शाबास.
आता भांडण. भाडेपट्टा संपत आला आहे. तल्हा म्हणतो, हॉल देऊन टाकू, फक्त किचन ठेवू. "अब्बा, प्रॅक्टिकली सोचो ना. हॉल में बैठता कौन है?" कुणी बसत नाही, खरं आहे. अबू सालेहसुद्धा हात झटकून म्हणाले, "खलास जाफर, वो जमाना गया." दोघांचं आकड्यांत बरोबर आहे. मी आकड्यांशी भांडत नाही. मी फक्त सांगतो, निर्णय घ्यायच्या आधी एकदा तरी थाळावर बस. बाळा, तू त्या हॉलमध्ये लहानाचा मोठा झालास, पण नेहमी गल्ल्यावर, मोबाइलमध्ये डोकं घालून, बर्गर खात. त्या थाळात तुझा हात एकदाही गेलेला नाही. बसून मग हॉल बंद करायचा तर कर. माझा राग नाही.
टेबलांमधले काचेसारखे प्लास्टिकचे पडदे मी तल्हाला देतो. त्याचं त्यानं मत्स्यालय करावं. जमिनीवरची पिवळी पावलं अजून निघालेली नाहीत, ती खरवडायचं कामही वारसाहक्कानं त्याच्याकडंच जातं.
इफराला माझं घड्याळ, तिच्या हिश्श्यात धरून. ते पाच मिनिटं पुढं आहे. तसंच ठेव, तुला उशिराची सवय आहे.

कलम आठवे : दौलत.
दौलत गोविंद शिगवण याला मी माझ्या मालमत्तेतलं काहीही देत नाही. एक चमचासुद्धा नाही.
कारण सादिया म्हणाली, "चाचा, मृत्युपत्रावर जो साक्षीदार म्हणून सही करेल त्याला काही देऊ नका, पुढं वाद होतात." आणि साक्षीदार मला दौलतच हवा आहे.
नीलेश गेल्यापासून दौलत हॉटेलचा उंबरठा ओलांडत नाही. तो शहर सोडून गेलेला नाही, अल मलाझमध्येच आहे. दर शुक्रवारी येतो. दाराबाहेर, जिथं पहिलं पिवळं पाऊल चिकटवलं होतं, बरोबर तिथं उभा राहतो. वरणभाताचं पार्सल घेतो. मासे त्यानं तेव्हाच सोडले. "बस ना रे," मी म्हणतो. "नको जाफरभाई. माझ्यासोबत कुणी बसू नये." खोलीवरही एकटा जेवतो. त्याच्या डोक्यात बसलंय की त्याचा खोकला नीलेशनं घेतला.
दौलत, डॉक्टरनं सांगितलं, महिनाभरानं आलेला आजार त्या जेवणातला नव्हे. झयाननं सांगितलं. स्वप्नालीवहिनींनी तुला फोन करून सांगितलं, तू फोन ठेवलास. आता मी कायद्याच्या भाषेत सांगतो : उपरोक्त थाळ माझ्या मालकीचा होता, भात मी वाढला होता, आणि बाही नीलेशनं स्वतः ओढली होती. तुझ्याकडं त्यातलं काही येत नाही. मला तुझा राग येतो रे. एक मित्र साथीनं नेला, दुसरा तू स्वतः नेलास. माझ्या डोळ्यासमोर उभा राहून नेलास.
सबब, या मृत्युपत्रावर पहिला साक्षीदार झयान आणि दुसरा दौलत यांचीच सही होईल. तिसऱ्या कुणाची मी घेणार नाही. सादिया म्हणाली, "चाचा, कुणीही चालतो, शेजारचा इस्त्रीवालासुद्धा." मला चालत नाही. तल्हा म्हणाला, "व्हिडिओ कॉल पे साइन ले लेते हैं." तेही चालत नाही. दोन्ही साक्षीदारांनी एकाच वेळी, एकाच जागी, माझ्यासमोर बसायचं असं माझ्यापुरतं मी ठरवलं आहे. जागा : 'खाडी'चा हॉल. वेळ : शुक्रवारच्या नमाजनंतर. आधी जेवण, मग सही.
दौलत बसला नाही तर सही नाही. सही नाही तर मृत्युपत्र नाही. मृत्युपत्र नाही तर अमिताला एक छदाम मिळणार नाही, सगळं वारसांत वाटलं जाईल, आणि पुढच्या आठवड्यात माझं काय होईल ते अल्लाह जाणे. हा दबाव आहे. मी आधीच कबूल केलं आहे.

कलम नववे : माझं शेवटचं.
मी इथं गेलो तर इथंच दफन करा, मला विमानानं फिरवू नका. नीलेशला मिळालं नाही ते मलाही नको. दुःखाच्या घरी चूल पेटवायची नसते म्हणून शेजारीपाजारी जेवण आणतील. ते डब्यात आणू देऊ नका.

बुधवारी लिहिलेली पुरवणी.
झयानला एक थाळ देऊन दौलतच्या वर्कशॉपवर पाठवलं होतं. पाच वर्षं कल्हई नाही, थाळ काळा पडलेला, त्यात जेवणं म्हणजे विषच. निरोप एवढाच : 'शुक्रवारी सहीला ये, आणि थाळाला कल्हई कर.' या कलमांची नक्कलही सोबत दिली होती. झयान सांगतो, दौलतनं कागद उभ्यानं वाचला. मग खुर्चीवर बसून पुन्हा वाचला. "म्हातारा डोक्यावर पडलाय," म्हणाला, आणि थाळ ठेवून घेतला.

गुरुवारी लिहिलेली पुरवणी.
आज सकाळी शटर उघडलं तर थाळ दाराशी भिंतीला टेकवून ठेवलेला. आत आणला तेव्हा माझं तोंड त्यात दिसलं. दाढी करायला हवी आहे. दौलत स्वतः आत आलेला नाही. काय समजायचं ते मला समजत नाही. तरी सुरमई सांगून ठेवली आहे, मोठी, आणि थोडं वरण टाकणार आहे. जुबेदाला फोनवर सगळं सांगितलं. ती म्हणाली, "येईल. तुम्ही भात मोकळा करा."

वर लिहिलेलं सर्व मी विचारपूर्वक लिहिलं असून ते मला मान्य आहे.

ठिकाण : हॉटेल 'खाडी', अल मलाझ, रियाध
तारीख : १४ नोव्हेंबर २०२५, शुक्रवार

(सही) जाफर इब्राहिम सरखोत

साक्षीदार पहिला :
जाफरभाईंनी हे मृत्युपत्र आम्हा दोघांना वाचून दाखवलं आणि आमच्यासमोर सही केली. नमाजनंतर आम्ही तिघं थाळ मांडून बसलो होतो. जाफरभाईंनी झाकण काढू दिलं नाही. बराच वेळ गेला. चौथा आल्यावर काढलं.
(सही) झयान युसुफ फणसोपकर

साक्षीदार दुसरा :
मी, दौलत गोविंद शिगवण, साक्ष देतो की जाफरभाई पूर्ण शुद्धीवर आहेत आणि नेहमीसारखेच हट्टी आहेत. त्यांनी माझ्यासमोर सही केली. कलम आठमध्ये मला काही दिलं नाही असं लिहिलं आहे, ते बरोबर नाही. नीलेशच्या जागेवर तल्हाला बसवला होता. माझ्या बाजूला वरण होतं. बांध तल्हानं घातला. पोराला येत नाही, जेवता जेवता फुटला आणि रस्सा माझ्याकडं आला. मी खाल्ला.
(सही) दौलत गोविंद शिगवण